ऐकू येतं, पण कळत नाही! कान सूर कसा ओळखतो?

‘टीव्हीवरचं भजन बरोबर ऐकू येतं, आणि मी काही विचारलं की ऐकू येत नाही! आजी, तुला हवं तेवढंच ऐकू येतं ना?’

थट्टेत म्हटलेलं असं वाक्य अनेक घरांत कानावर पडतं. आजी हसते, नाहीतर गप्प बसते. पण ती सोंग करत नसते. भजनाचा सूर नीट कळणं आणि समोरच्याचे शब्द न कळणं, या दोन्ही गोष्टी एकाच कानाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. असं का होतं हे समजून घ्यायचं असेल, तर आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. मुळात आपल्याला सूर ऐकू येतो कसा?

मोठा आवाज वेगळा, उंच आवाज वेगळा

रोजच्या बोलण्यात आपण दोन गोष्टींची सरमिसळ करतो. ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘ओरडू नकोस’ एवढंच सांगायचं असतं. गाणाऱ्यांसाठी मात्र पट्टी म्हणजे आवाज किती उंच किंवा किती खाली आहे ते. ढोल खूप मोठ्याने वाजतो, पण त्याचा सूर खालचा असतो. कानाशी गुणगुणणारा डास अगदी हळू वाजतो, पण त्याचा सूर उंच असतो.

हा फरक स्वतः ऐकून पाहा. रिकामी बाटली नळाखाली धरा आणि डोळे मिटा. पाणी भरत जाईल तसा आवाज वर वर चढत जाईल आणि बाटली भरत आली हे तुम्हाला न बघताही कळेल. बाटलीतल्या हवेची जागा कमी होत जाते, त्यामुळे ती हवा अधिक वेगाने कंप पावते आणि सूर चढतो. हंडा-कळशी भरणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही!

एका सेकंदात किती कंपनं होतात, ते हर्ट्‌झ या एककात मोजतात. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. बोलताना पुरुषाचा आवाज साधारण १०० ते १५० हर्ट्‌झ, स्त्रीचा २०० च्या आसपास आणि लहान मुलाचा ३०० च्या घरात असतो. डासाचे पंख सेकंदाला साधारण ४०० ते ६०० वेळा हलतात. रात्री कानाशी येणारी ती गुणगुण म्हणजे याच पंखांचा सूर.

या सुरावरूनच आपण बोलण्याचा अर्थही लावतो. ‘जेवलास.’ आणि ‘जेवलास?’ या दोन्हींत अक्षरं तीच आहेत, फक्त शेवटी सूर चढला की प्रश्न होतो. पंजाबी भाषा तर त्याही पुढे जाते. तिथे घोडा, चाबूक आणि कुष्ठरोगी या तिघांसाठीचे शब्द कानाला जवळजवळ ‘कोडा’ असेच लागतात. कोणता शब्द आहे, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ठरतं.

सा आणि वरचा सा ‘एकच’ का वाटतात?

मध्य सप्तकातला सा २४० हर्ट्‌झचा धरला, तर तार सप्तकातला सा ४८० चा होतो आणि मंद्र सप्तकातला १२० चा. प्रत्येक वेळी बरोबर दुप्पट किंवा निम्मं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात हेच मांडलं आहे. मंद्र स्वर हृदयातून, मध्य कंठातून आणि तार मस्तकातून येतो आणि प्रत्येक पुढचा मागच्याच्या दुप्पट, असं तो सांगतो. हर्ट्‌झ हा शब्द जन्माला यायला तेव्हा कित्येक शतकं बाकी होती.

म्हणजे आपला कान बेरजेने चालत नाही, पटीने चालतो. १०० वरून २०० हर्ट्‌झवर गेलात तर अख्खं सप्तक ओलांडलं. पण १,००० वरून १,१०० वर गेलात, तर सा आणि शुद्ध रे यांच्यात असतं तेवढंही अंतर पडत नाही. दोन्हीकडे फरक १०० चाच, पण कानासाठी त्याचा अर्थ अगदी वेगळा.

आणि कान किती बारीक ऐकतो, तेही बघा. १,००० हर्ट्‌झचा सूर आणि १,००३ हर्ट्‌झचा सूर एकापाठोपाठ ऐकवला, तर चांगल्या कानाच्या अनेक माणसांना त्यातला फरक ओळखता येतो. सराव असलेल्या गायक-वादकांना याहूनही बारीक फरक कळतो.

वाटाण्याएवढ्या जागेत अख्खं पेटीचं बटण-पटल

बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन चिमुकल्या हाडांमधून पुढे जातो आणि आतल्या कानातल्या कॉक्लिआमध्ये पोहोचतो. कॉक्लिआ म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी, अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी. आकार जेमतेम वाटाण्याएवढा. ती उलगडली तर साधारण साडेतीन सेंटीमीटर भरेल.

या नळीत आतून एक लांब पट्टी पसरलेली असते. तिची रचना मोठी हुशारीची आहे. सुरुवातीला ती अरुंद आणि ताठ असते आणि शेवटाकडे जाता जाता रुंद आणि सैल होत जाते. उंच सूर आला की सुरुवातीचा ताठ भाग सर्वांत जास्त हलतो. खालचा सूर आला की शेवटचा सैल भाग हलतो. म्हणजे पेटीवर जशी प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते, तशी ती इथेही ठरलेली असते.

हे प्रत्यक्ष पाहिलं ते गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने. बुडापेस्टमध्ये टेलिफोनसंबंधी संशोधन करताना त्याला प्रश्न पडला, की चांगला टेलिफोन बनवायचा असेल तर आधी कान कसा चालतो ते कळायला नको का? मृत व्यक्तींच्या कानातला कॉक्लिआ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने आवाजाची लाट त्या पट्टीवरून कशी धावते हे पाहिलं. या कामासाठी त्याला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पट्टीवर बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. एका कानात आतल्या रांगेत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत साधारण १२,००० केशपेशी असतात. आतल्या पेशी मेंदूला खबर पोहोचवतात. बाहेरच्या पेशी स्वतः लांब-आखूड होत हळू आवाज वाढवतात, म्हणजे त्या आपल्या कानातल्या अ‍ॅम्प्लिफायर आहेत.

मेंदू नुसती जागा बघत नाही, मोजतोही

पट्टीवरची कोणती जागा हलली, एवढ्यावरच मेंदू थांबत नाही. तो तालही मोजतो. २०० हर्ट्‌झचा सूर आला तर कानातल्या नसांचे संदेशही त्याच लयीत जातात. सूर उंच असेल तर एकटी नस प्रत्येक कंपनाला संदेश पाठवू शकत नाही. मग अनेक नसा मिळून काम वाटून घेतात. एकीने एक ठोका घ्यायचा, दुसरीने पुढचा. भजनातले टाळकरी आळीपाळीने टाळ वाजवून लय तुटू देत नाहीत, तसंच काहीसं.

ही मोजणी साधारण ४,००० ते ५,००० हर्ट्‌झपर्यंत चालते. त्यापुढचे आवाज ऐकू येतात, पण त्यात चाल ओळखता येत नाही. पियानोची सर्वांत वरची पट्टी ४,१८६ हर्ट्‌झची असते. म्हणजे गाण्यातले मूळ सूर जवळजवळ सगळे ५,००० च्या खालीच असतात. हा आकडा लक्षात ठेवा, आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

नसलेला सूर ऐकू येतो तेव्हा

आता एक गंमत. लँडलाइन फोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झपर्यंतचेच आवाज जातात. तुमच्या वडिलांचा आवाज समजा १२० हर्ट्‌झचा आहे. म्हणजे त्यांचा मूळ सूर फोनच्या तारेतून जातच नाही! तरीही ‘हॅलो’ म्हणताच तो बाबांचाच भारदस्त आवाज वाटतो, एखाद्या लहान मुलाचा नाही. हे कसं?

याचं उत्तर शाळेतल्या पाढ्यांत आहे. कोणताही सुरेल आवाज एकटा येत नाही. १२० च्या मूळ सुराबरोबर २४०, ३६०, ४८०, ६०० असे वरचे सूरही हळू आवाजात वाजत असतात. हा सरळ १२० चा पाढा झाला. फोन १२० आणि २४० गाळतो, पण ३६०, ४८०, ६०० पुढे पाठवतो. कुणी तुम्हाला ‘पंधरा, वीस, पंचवीस’ म्हटलं, तर सुरुवात न ऐकताही हा पाचचा पाढा आहे हे तुम्ही ओळखता ना? मेंदू तेच करतो. उरलेल्या आकड्यांवरून हा कोणाचा पाढा आहे ते ओळखतो आणि गाळलेला मूळ सूर आपल्याला ऐकवतो.

मोबाइलच्या छोट्याशा स्पीकरवर गायकाचा खर्ज ऐकताना हेच होत असतं. एवढासा स्पीकर इतका खालचा सूर नीट वाजवूच शकत नाही. बराचसा खर्ज तुमच्या मेंदूने भरून काढलेला असतो.

तबल्याची शाई आणि तानपुऱ्याचा गंधार

हा पाढा आपल्या वाद्य बनवणाऱ्या कारागिरांनी कानाने कधीच पकडला होता. साध्या ढोलावर थाप मारली तर नुसता धप्प आवाज येतो, नेमका सूर सापडत नाही. कारण ढोलाच्या कातड्यातून निघणारे वेगवेगळे आवाज एका पाढ्यात बसत नाहीत. तबला मात्र सुरात लावता येतो. ही किमया त्यावरच्या काळ्या शाईची आहे. थरावर थर देऊन घोटलेल्या शाईमुळे कातड्याचं वजन मध्यभागी वाढतं आणि त्यातून निघणारे आवाज एका पाढ्यात येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयी लिहिलं आणि पुढेही मृदंग-तबल्यावर अभ्यास केला. प्रकाशावरच्या संशोधनासाठी त्यांना नोबेल मिळालं ते त्यानंतर, १९३० साली.

तानपुऱ्याची गोष्ट आणखी सुंदर. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढली की तारेतले वरचे सूर खुलतात. खर्जाच्या तारेवर गंधार कुणीही वाजवत नाही, तरी शांतपणे ऐकलं तर तो ऐकू येतो. सा च्या पाढ्यातला पाचवा आकडा म्हणजेच गंधार. गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

मग आजीला शब्द का कळत नाहीत?

कॉक्लिआच्या सुरुवातीलाच उंच सुरांच्या केशपेशी असतात आणि वयानुसार सर्वसाधारणपणे त्याच आधी निकामी होतात. त्यामुळे ऐकण्याची वरची बाजू हळूहळू मिटत जाते. ही झीज दुखत नाही आणि कळतही नाही. १७,००० हर्ट्‌झच्या वरचा बारीक आवाज पंधरा वर्षांच्या मुलाला ऐकू येतो, पण त्याच्या आईवडिलांना बहुधा येत नाही.

आता आपली अक्षरं पाहा. आ, ए, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बोलण्यातला जोर त्यांच्यातच असतो. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांमधली सळसळ मात्र वरच्या पट्टीत असते. ‘स’ ची मुख्य सळसळ तर साधारण ४,००० हर्ट्‌झच्याही वर असते. ही बाजू मिटली की ‘साठ’ चा ‘आठ’ होतो. आवाज आला, कुणीतरी बोललं, बोलणारी नातच आहे हे सगळं कळतं. नेमकं काय बोलली, ते कळत नाही.

भजनाचा सूर मात्र ५,००० च्या कितीतरी खाली असतो. त्या भागातल्या केशपेशी बऱ्याच काळ शाबूत राहतात. शिवाय भजनाचे शब्द आजीला पाठ असतात. त्यामुळे ती सुरात मान डोलावते आणि तुमच्या प्रश्नाला ‘काय म्हणालीस?’ विचारते.

मग आपण ओरडून बोलतो. ओरडल्याने जोर वाढतो तो मुख्यतः आ, ए, ओ या स्वरांचा. स आणि फ मागेच राहतात. त्यातच बाहेरच्या केशपेशी झिजलेल्या असल्या, तर हळू आवाज अजिबात ऐकू येत नाही आणि थोडा मोठा झाला की तो एकदम कानात घुसतो. म्हणून आधी ‘ऐकू येत नाही’ म्हणणारी आजी दुसऱ्याच क्षणी ‘ओरडू नकोस, मी बहिरी नाही’ म्हणते. या दोन्ही वेळी ती खरंच सांगत असते.

हे लक्षात न आल्यामुळे किती घरांत माणसं हळूहळू गप्प होतात! दर वेळी ‘काय?’ विचारण्याचा संकोच वाटतो, मग न कळताच मान हलवली जाते, मग गप्पांतून उठून जाणं सुरू होतं. औषधाच्या गोळ्या किती घ्यायच्या हे चुकीचं ऐकू आलं तर धोका आणखी वाढतो.

गेलेल्या पेशी परत येत नाहीत

कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या कानात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत. जन्मतः मिळालेल्या त्या काही हजार पेशी आयुष्यभर पुरवायच्या असतात. आणि त्या फक्त वयाने मरत नाहीत, मोठ्या आवाजानेही मरतात.

कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालेल, असं एक प्रचलित मानक सांगतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचून आल्यावर कानात शिट्टी वाजते किंवा सगळं कापसातून ऐकल्यासारखं वाटतं, ती केशपेशींची तक्रार असते. सकाळी बरं वाटलं तरी असं वारंवार होत राहिलं तर नुकसान कायमचं होतं.

पूर्ण बहिरेपणात कॉक्लिअर इम्प्लांट खूप मोठा आधार ठरतो. पण त्यात साडेतीन हजार पेशींचं काम जास्तीत जास्त बावीसेक इलेक्ट्रोडना करावं लागतं. त्यामुळे बोलणं चांगलं समजू शकतं, पण गाण्याची चाल ओळखणं अनेकांना अवघड जातं. निसर्गाने दिलेल्या त्या वाटाण्याची किंमत यावरून कळते.

घरात एवढं नक्की करा

• वडीलधाऱ्यांशी बोलताना समोर, उजेडात बसा. आधी नाव घ्या किंवा हाताला स्पर्श करा, मग बोला. ओठ दिसले की ‘साठ’ आणि ‘आठ’ मधला फरक डोळ्यांनाही कळतो.

• ओरडू नका, थोडं सावकाश बोला. टीव्ही आणि मिक्सर बंद करा. एखादा शब्द कळला नाही तर तोच पुन्हा म्हणण्याऐवजी वाक्य बदलून सांगा. औषधाचं प्रमाण लिहून द्या.

• ‘काय?’ हा प्रश्न वाढला तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. साध्या मळानेही ऐकू कमी येतं. ऑडिओमेट्री तपासणीत २५० ते ८,००० हर्ट्‌झपर्यंत कोणत्या पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख मिळतो. आजची श्रवणयंत्रं त्या आलेखानुसार लावता येतात आणि जिथे ऐकू कमी येतं तीच पट्टी वाढवतात. म्हणून दुसऱ्याचं जुनं मशीन आजीला देऊ नका.

• इअरफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा आणि मधूनमधून कानांना विश्रांती द्या. मिरवणुकीत स्पीकरपासून लांब राहा आणि लहान मुलांना तर नक्कीच लांब ठेवा.

• घरात बाळ जन्माला आलं असेल, तर पहिल्या महिन्याच्या आत त्याच्या कानांची तपासणी झाली का ते विचारा. बाहेरच्या केशपेशी काम करत असतील तर आवाज ऐकल्यावर कान स्वतःही अगदी क्षीण आवाज परत पाठवतो. डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे १९७८ मध्ये दाखवून दिलं. आता झोपलेल्या बाळाच्या कानात छोटंसं बोंडूक ठेवून हाच आवाज टिपतात. काही मिनिटांचं काम, दुखत मुळीच नाही. दोष लवकर सापडला तर उपचारही वेळेत सुरू होतात आणि बाळाचं बोलणं मागे पडत नाही.

शब्द कळायच्या कितीतरी आधी बाळाला आईच्या बोलण्यातला सूर ओळखीचा होतो. अंगाई लागते ती त्या सुरामुळेच. तो सूर त्याच्यापर्यंत पोहोचतोय ना, एवढी खात्री करून घेणं आपल्या हातात आहे.